आमच्या विहिरीचं पाणी आणि माझ्या पायातला नारू

जेवायच्या आधी हे वाचू नका. मी जे सांगणार आहे ते घाणेरडं आहे, आणि धुऊनपुसून सांगायला गेले तर ते खोटं होईल.

मला नारू झाला होता. आमच्या कोरीटच्या बाजूला उन्हाळा लागला की कोणी ना कोणी पायाला चिंधी बांधून ओट्यावर बसलेलं दिसतं. विचारलं तर काटा लागला म्हणतात. बायका तर मरतील, पण नारू म्हणणार नाहीत. परवा एक नवी सून माझ्याकडे आली, इकडेतिकडे बघून तिनं लुगडं जरा वर केलं आणि पाय दाखवला. तिची शरम बघून मला राग आला. तिचा नाही, या लपवालपवीचा. तिला जे तोंडी सांगितलं तेच इथं लिहिते. मी मराठी शाळेत शिकलेली आहे, डॉक्टरीण नाही, तेव्हा औषधांची नावं मला विचारू नका. माझ्या पायाचं काय झालं आणि आमच्या पाण्याचं काय झालं, तेवढंच मला ठाऊक आहे.

विहीर

माझं माहेर सारंगखेड्याचं. तापीचं पाणी पिऊन मी वाढले. लग्न होऊन कोरीटला आले तेव्हा सासरच्या दोन गोष्टींचं कौतुक ऐकून माझे कान किटले, एक बैलजोडी आणि दुसरी विहीर. विहीर आमच्या मालकीची, घरापासून हाकेच्या अंतरावर, मळ्याच्या तोंडाशी. तिला दगडी पायऱ्या होत्या. पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जायचं आणि घागर बुडवायची. पाणी हलकं आणि गोड. तुरीची डाळ बघता बघता मऊ व्हायची. घराच्या परसात एक आडही होता, दोरानं पाणी शेंदायचा, पण त्याचं पाणी जड. त्यात डाळ दुपार झाली तरी दाताखाली यायची, साबणाला फेस यायचा नाही आणि हंड्याला आतून पांढरं खरखरीत कीट धरायचं. ते पाणी भांड्यांना आणि गुरांना. माणसांनी प्यायचं ते विहिरीचं.

सासूबाईंना सगळं घर जिजी म्हणे. जिजी पाण्याच्या बाबतीत फार कडक. हंड्यावर जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं बांधल्याशिवाय प्यायच्या पाण्याचा थेंब आत जायचा नाही. शेवाळ, काडीकचरा, वळवळणारं जे असेल ते वर अडकायचं. त्यामुळे आमच्या घराला एक ताठा होता. नारू होतो तो न गाळता पिणाऱ्यांना, आमच्याकडे त्याचं काय काम? आणि खरोखरच मी त्या घरात कुणाच्या पायाला चिंधी पाहिली नव्हती.

पण मला त्या विहिरीची पहिल्या दिवसापासून किळस होती. गावातल्या बायका तिथं पाण्याला यायच्या. जिजी कुणालाच नाही म्हणायच्या नाहीत, त्यात त्यांना मोठेपणा वाटायचा. बायका चांगल्या घरच्या, स्वच्छतेच्या. स्वच्छतेच्या म्हणूनच तर शेवटच्या पायरीवर, पाण्यात उभ्या राहून, आधी पाय चोळचोळून धुवायच्या. रानातली धूळ घरात जायला नको. मग त्याच पाण्यात घागर बुडवायच्या. एखादीच्या घोट्याला चिंधी असायची. ती चिंधी सोडून पाय पाण्यात धरायची आणि आग शांत झाली की डोळे मिटून बसून राहायची. मी दुसरीकडे बघत घागर भरायचे. घरी फडक्यातून पाणी गळताना बघायचे आणि मनाची समजूत घालायचे की गाळलं म्हणजे झालं.

फोड

होळीच्या सुमाराला माझ्या अंगावर पित्त उठलं आणि उलट्या सुरू झाल्या. जिजींना वाटलं, दिवस गेले. त्यांनी मोठ्या प्रेमानं कैरीचं लोणचं पुढ्यात ठेवलं. हेसुद्धा, म्हणजे आमचे घरधनी, मळ्यातून येताना गालातल्या गालात हसत होते. मग डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला फोड आला, चुलीचा चटका बसल्यासारखा, आणि आग अशी की पाय कापून फेकावा. तिसऱ्या प्रहरी भाकरी करताना तो फुटला.

आत पांढरं काहीतरी दिसलं. मला वाटलं लुगड्याचं सूत चिकटलं असेल. चिमटीत धरलं, तर ते आत ओढलं गेलं.

मी हातातलं पीठ तसंच टाकून परसात गेले आणि आडाच्या कठड्याला धरून ओकले. आपल्या अंगात दुसरं कोणीतरी राहतंय, जेवतंय, आणि आता त्याला बाहेर यायचंय, हे मनात आलं आणि पुन्हा ओकले. तेव्हापासून कित्येक दिवस माझा पाय मला माझा वाटला नाही. तो जवळ असला तरी दुसऱ्याचा होता. झोपताना मी तो पांघरुणाबाहेर ठेवायचे.

यांनी पाय बघितला. उधळलेली बैलजोडी एकट्यानं आवरणारा माणूस, पण तो बघितल्यावर बाहेर जाऊन निंबाखाली उकिडवा बसला तो संध्याकाळपर्यंत जेवायला आला नाही.

जिजींनी जवळ बसून, पाय मांडीवर घेऊन नीट बघितला. मग त्यांचा चेहरा बदलला.

"आपला घरमा पानी गायीसन पेतस," त्या म्हणाल्या, गायीसन म्हणजे गाळून. "हाऊ नारू आपला घरना नही. तुन्हा माहेरना शे."

वाहत्या तापीचं पाणी पिणारं माझं माहेर, त्याला हा डाग लागला. शेजारीपाजारी मात्र सांगण्यात आलं की सुनेच्या पायात काटा गेला आहे.

काडी

नारू ओढून काढता येत नाही. हे ज्याला झालंय त्यानं आधी मनावर कोरून घ्यावं. रोज जेवढा तो आपणहून सुटेल तेवढाच बाहेर घ्यायचा आणि तुराटीच्या बारीक काडीवर गुंडाळून ठेवायचा. काडी पायाला चिंधीनं बांधायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडासा. एखादा हातभर निघतो, एखादा त्याहूनही लांब, आणि तो किती उरलाय ते कळत नाही.

हे काम जिजी करायच्या. तोंडानं माझ्या माहेराचा उद्धार चालू असायचा आणि बोटं मात्र अशी हलकी की लोण्यात फिरावीत. मी भिंतीकडे तोंड करून पदराचा बोळा दातात धरायचे. दुखतं म्हणून कमी, बघवत नाही म्हणून जास्त. एकदा चुकून बघितलं. काडीवर पांढरट, ओला, जिवंत दोरा, आणि त्याला माझ्या रक्ताचा वास. त्या दिवशी मला शेवया वाढल्या होत्या. त्यानंतर आजवर मी शेवया खाल्लेल्या नाहीत.

आग फार झाली की जिजी घंगाळात विहिरीचं गार पाणी घेऊन यायच्या आणि माझा पाय त्यात ठेवायच्या. काय सुख वाटायचं म्हणून सांगू! त्या एका सुखासाठी मी दिवस मोजायचे. पण पाय पाण्यात गेला की काही वेळानं जखमेतून दुधासारखं पांढरं काहीतरी सुटायचं आणि पाण्यात पसरायचं. जिजी म्हणायच्या, विष निघतंय, निघू दे. मग ते पाणी केळीच्या बुंध्यात ओतायच्या. मी त्या केळीचं एकही केळं खाल्लं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही की का.

तुटला

मी ज्या बाजेवर पडलेली असायचे ती काथ्यानं विणलेली होती. एक दिवस कुशीवर वळताना काडी काथ्यात अडकली. मला नुसतं काहीतरी तटकन तुटल्याचं जाणवलं. काडी बाजेला लोंबत राहिली आणि उरलेला नारू आत गेला.

तो आत मेला की पाय सडतो. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत पाय सुजून तुकतुकीत झाला, ताप भरला, आणि घोट्यापाशी असा वास सुटला की मी माझ्याच पायापासून तोंड लपवायचे. जिजी बिब्बा आणि पोटीस करत राहिल्या. ओसरीवर येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून बसायच्या, मग येईनाशा झाल्या. त्यांना मी दोष देत नाही. मलाही जाता आलं असतं तर मी गेले असते.

हे एवढे दिवस गप्प होते. त्या सकाळी त्यांनी पायाकडे बघितलं, गाडी जुंपली आणि आत येऊन जिजींना म्हणाले, "जिजी, मी हिले नंदुरबारले लई जास. आते काटा बिटा कोनले सांगू नको." मग मला उचलून गाडीत ठेवलं. घरातल्या माणसांसमोर नवऱ्यानं बायकोला उचलायचं म्हणजे केवढी गोष्ट, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी नाकाला उपरणं लावलं नाही, एवढं मात्र लक्षात राहिलं.

दवाखाना

नंदुरबारला शिरताना मिरच्यांच्या वखारींवरून जावं लागतं. सगळीकडे लाल मिरच्या पसरलेल्या. मला शिंका सुरू झाल्या आणि प्रत्येक शिंकेला पायातून कळ मस्तकात जायची. मी रडत होते आणि शिंकत होते. हे गाडी हाकता हाकता स्वतःही शिंकत होते आणि मला धीर देत होते. आज हसू येतं.

डॉक्टर बाहेरगावचे, चष्मेवाले, बोलायला तुटक. त्यांनी घोट्यापाशी चीर देऊन पू काढला. वाडगाभर. मला वाटलं होतं की त्यांना तरी किळस येत नसेल, पण त्यांच्याही नाकपुड्या आक्रसलेल्या मी पाहिल्या, आणि का कोण जाणे, बरं वाटलं. घाणीला घाण म्हणणारं माणूस भेटलं.

रोज सकाळी कंपाउंडर येऊन जखमेत औषधाची वात सारायचा. ती बाहेर काढताना मेलेल्या नारूचे तुकडे तिला चिकटून यायचे. त्यानंतर पेज. पेजेनंतर माश्या. दवाखान्यातल्या माश्यांना आमच्या जखमांचे पत्ते पाठ होते. दुपारी उन्हानं पत्रा तापायचा, आणि पूर्ण वॉर्डाला एकच वास यायचा, त्यात कोणता आपला हे सांगता येत नसे.

माझ्या शेजारी नवापूरच्या डोंगराकडची एक बाई होती, हात भाजलेली. गळ्यात दोऱ्यात ओवलेला छोटा क्रूस. तिची बोली मला कळत नव्हती, माझी तिला थोडीशी. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे पाठ करून झोपले, माझा वास तिला जाऊ नये म्हणून. दुपारी पायावर वारा लागला म्हणून बघितलं, तर ती बऱ्या हातानं पळसाचं पान हलवत माझ्या जखमेवरच्या माश्या वारत होती. मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मी दवाखान्यातून निघेपर्यंत ती रोज हे करत होती, आणि मी तिच्यासाठी काही केलं असेल तर एवढंच की माझ्या पेजेबरोबर मिळणारा गूळ तिला दिला. तिचं नाव मी विचारलं होतं, ते मला नीट उच्चारता आलं नाही.

भीती मला मरणाची वाटली नाही. भीती वाटली ती पाय आखडून बसण्याची. सांध्याला नारू लागला की माणूस जन्माचं लंगडं होतं, हे मी गावात पाहिलं होतं. घरात चालता न येणारी सून म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. आणि त्याहून मोठी भीती अशी की आणखी एक आत असेल. अंगावर कुठंही खाज सुटली की मी हात तिथंच दाबून धरायचे.

डॉक्टरांनी विचारलेलं

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी पाण्याची चौकशी केली. मी तावातावानं सांगितलं, आमच्या घरी गाळून पितात. ते म्हणाले, "मग न गाळलेलं कधी प्यालात ते आठवा. आत्ताचं नाही. गेल्या उन्हाळ्यातलं. हा पोटात गेल्यावर बाहेर यायला वर्ष घेतो."

मग त्यांनी समजावलं. पाय पाण्यात धरला की ते दुधासारखं सुटतं ते विष नव्हे, ती नारूची पिल्लं. विहिरीच्या पाण्यात रव्याच्या कणाएवढे जीव असतात, ते ही पिल्लं खातात, आणि आपण ते जीव पितो. कपडा नुसता दुहेरी असला तरी पुरे, ते वर अडकतात. म्हणून गाळायचं, रोज कपड्याच्या त्याच बाजूनं, आणि पायाला नारू असलेल्यानं विहिरीत उतरायचं नाही. एवढंच. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

मी आठवत बसले. माहेरचं पाणी वाहतं, शिवाय मी गेल्या उन्हाळ्यात माहेरी गेलेच नव्हते. लग्नकार्याला कुठं गेले नव्हते. घरात तर गाळल्याशिवाय काही नाही. आणि मग मला घागर आठवली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात. तिच्यावर आंबा आणि रव्याची गोड सांजोरी ठेवतात, चुलीच्या विस्तवावर पितरांना घास देतात, त्याला आगारी म्हणतात. आमच्या घरात त्यानंतर त्या घागरीतलं पाणी सगळ्यांना पेला पेला देतात. ते पाणी गाळायचं नसतं. जिजींचा नियम असा की पितरांच्या पाण्याला आपण नेसलेलं जुनेरं लावायचं नाही, विहिरीतून थेट घागरीत. वर्षभर डोळ्यांत तेल घालून पाणी गाळणारं आमचं घर वर्षातून एकदा, विहीर अगदी तळाला गेलेली असताना, गावातल्या सगळ्या चिंध्या तिच्यात धुऊन झालेल्या असताना, न गाळता प्यायचं. आणि तेही हात जोडून. इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही, ते नुसतं नशीब.

गेल्या आखाजीला मी उपाशी होते. पाणी गार होतं. मी दुसरा पेला मागून घेतला होता.

जड पाणी

घरी आले ती काठी टेकत. घोटा वळत नव्हता, पण डॉक्टर म्हणाले होते की चालाल तर वळेल. पोटात मात्र विहिरीचं पाणी जाईना. गाळलेलं आहे, पुन्हा पुन्हा गाळलेलं आहे, हे डोक्याला कळायचं आणि घशाला कळायचं नाही. पेला तोंडाशी नेला की पायऱ्यांवरचे ते सगळे पाय दिसायचे.

म्हणून मी परसातल्या आडाकडे वळले. त्यात कुणाचा पाय जात नाही, नुसती बादली जाते. पण ते पाणी प्यायचं म्हणजे शिक्षा. मग मी त्याच्या मागे लागले. पाणी मोठ्या पातेल्यात उकळायचं, उकळताना चिमूटभर पापडखार टाकायचा. वर पांढरी साय धरते आणि तळाला चुन्यासारखं बसतं. रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरवरचं तेवढं फडक्यातून दुसऱ्या हंड्यात घ्यायचं. खार जास्त झाला तर पाणी साबणासारखं लागतं, पहिल्यांदा मी ते सगळं ओतून दिलं. पावसाळ्यात गढूळ आलं तर मडक्याला आतून निवळीची बी घासायची. अशा पाण्यात डाळ शिजते, विहिरीच्या पाण्याइतकी नाही, पण शिजते.

जिजी त्याला दवाखान्याचं पाणी म्हणायच्या. सरपण किती जातं त्याचा हिशेब ऐकवायच्या. ते मी ऐकून घेतलं, कारण मला दुसरंच बोलायचं होतं. आखाजी तोंडावर आली होती. माझी नणंद गजरा गेल्या आखाजीसारखीच माहेरी येणार होती, या वेळी तान्ह्या मुलीला घेऊन, घागर भरली जाणार होती, आणि ते पाणी त्या लेकराच्या ओठाला लावलं जाणार होतं.

यांना सांगितलं. यांना पटलं. पण म्हणाले, जिजीले कोन सांगी? वाघासारखा माणूस आईपुढे मांजर होतो, त्याला काय करणार! मग मीच सांगितलं. घागरीचं पाणी गाळू या, नाही तर मी पिणार नाही.

जिजींनी हातातला जात्याचा खुंटा सोडला. पितरांच्या पाण्यात किडे आहेत असं घरची सून म्हणते, हे त्यांना ऐकवेना. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझा पाय मात्र रोज धुऊन द्यायच्या. घागरीचं पाणी न पिणारी सून म्हणजे त्या घराची नव्हे, हे दोघींनाही माहीत होतं. मी मनाची तयारी करून बसले होते.

आखाजी

गजरा आखाजीच्या सकाळी गाडीतून उतरली ती एका पायावर. दुसऱ्या पायाला चिंधी होती.

जिजींनी तिला घागरीजवळ बसवलं, चिंधी सोडली. काडी बघितली. घागर भरलेली होती, ओली, तिच्या गळ्याला सूत गुंडाळलेलं. लेकरू घागरीवरच्या आंब्याकडे हात करत होतं.

"जिजी," गजरा म्हणाली, "मन्हा सासरले दोरवरी पानी काढतस. तठे कोनलेच नारू नही. मंग मन्हा पायमा हाऊ कोठून उना?"

जिजींनी माझ्याकडे बघितलं नाही. उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं झालं, आता त्या बाहेर येणार नाहीत आणि सगळा सण माझ्या नावानं नासला. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. त्या आल्या तेव्हा हातात कोरं धोतर होतं, कुंकवाचं बोट लावलेलं. माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. दर आखाजीला त्यांच्या नावानं एका माणसाला जेवू घालून त्याला नवं धोतर द्यायचं, ते हे. त्याला अजून कुणाचं अंग लागलेलं नव्हतं.

"त्यास्नं धोतर शे," जिजी म्हणाल्या. "त्यास्नं पानी त्यास्नाच धोतरमा गायं त काय व्हई?"

प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला नव्हता. धोतराची चौपदरी घडी करून त्यांनी ती हंड्यावर बांधली आणि घागर वाकवली. पाणी संपल्यावर मी चुलीजवळची काळी कढई पुढे सरकवली आणि कपड्याची वरची बाजू तिच्यात धुवायला सांगितली. आम्ही कढई दारात उन्हात नेली.

आधी नुसतं शेवाळ दिसलं. मग डोळा बसला तसे ते दिसले. पांढरे, रव्याच्या कणाएवढे, झटके देत इकडून तिकडे जाणारे. एकदोन नव्हे. सगळी कढई हलत होती. गजरानं लेकराला छातीशी घेतलं आणि मागे सरकली. मी तिथून हलले नाही, कारण जिजी हलल्या नव्हत्या. गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, त्या बघत होत्या. ज्या माणसाच्या नावानं वर्षभर त्या एकही सण चुकवत नसत, त्याच्यासाठी स्वतः पायऱ्या उतरून, स्वतःच्या हातानं आणलेलं पाणी होतं ते.

"हाई पाजं मी त्यास्ले," त्या म्हणाल्या. "दर साल."

कढई त्यांनी चुलीत ओतली. विस्तव विझला. तो पुन्हा पेटवला, घागर आतून विसळली, गाळलेलं पाणी तिच्यात परत भरलं, आंबा आणि सांजोरी जागच्या जागी ठेवली. आगारीचा घास विस्तवावर टाकल्यावर दरवर्षी त्या सासऱ्यांचं नाव मनातल्या मनात घ्यायच्या. या वेळी मोठ्यानं बोलल्या, घरातल्या माणसाशी बोलावं तसं.

"पानी गायेल शे. आते निवांत प्या."

मग घागरीतून पेला भरून त्यांनी पहिल्यांदा माझ्यापुढे धरला. पाणी विहिरीचं होतं, हलकं आणि गोड. मी सगळं प्याले.